व्हॉल्व्ह निवेपर्यंत

साखर पेठेत रात्री साडेअकराला
मागच्या गल्लीतले माग थांबतात
आणि मग आमचं सुरू होतं.
मी, मल्लेशम, आणि त्यानं
शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर बांधलेला ॲम्प्लिफायर.
चेसिस म्हणजे शेंगाचटणीचा पत्र्याचा डबा.
तापला की लसणाचा वास सुटतो.
मल्लेशम म्हणतो, आवाजातपण उतरतोय बे.

हेडफोन एकच.
एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं त्याचं तोंड बघायचं.

पहिला व्हॉल्व्ह बेंगळुरूचा,
मंगळवार बाजारात मेलेल्या रेडिओतून
चाळीस रुपयांना काढलेला.
काचेवरची अक्षरं बोटानं पुसली जातात,
म्हणून त्याला बुडाशी धरायचं.
लावायची ती एकच कॅसेट: काकाच्या लग्नातली सुंदरी.
दुबईहून आलेल्या टू-इन-वनवर भरलेली,
उजवीकडं मांडव, डावीकडं पंगत.
वाजवणाऱ्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही.
पंगतीतून कुणीतरी तेलुगूत काहीतरी म्हणतंय,
त्यातलं 'अन्नम्' तेवढं कळतं.
कुणीतरी भुकेला.
हा व्हॉल्व्ह त्या भुकेल्याला पुढं बसवतो
आणि सुंदरीला खांबाआड उभी करतो.

दुसरा रशियन, जाड मानेचा.
चौघडा थेट छातीवर येऊन बसला.
ह्याच्यात दम हाय, मल्लेशम म्हणाला.
दम आहे, श्वास नाही, मी म्हणालो,
आणि लाजलो,
कारण हे वाक्य मी आधी तयार करून ठेवलेलं होतं.

एक काढून दुसरा बसवायला तीन मिनिटं लागतात.
काच निवायला हवी, नवी तापायला हवी.
तोवर आधीचा आवाज सांभाळायचा,
तुटलेल्या धाग्याचं टोक
गाठ मारेपर्यंत ओठात धरतात तसा.
बोलायचं नाही. चहासुद्धा नाही.
बावीस वर्षं मागावर हेच केलं,
तिथं निदान धागा दिसायचा.

तिसरा हॉलंडचा, उसना.
कलबुर्गीच्या एका निवृत्त वायरलेसवाल्याचा,
सुती रुमालात गुंडाळून एसटीनं आणलेला,
रविवारी परत द्यायचा.
मी ऐकलं. मान हलवली.
छान आहे म्हणालो.
मल्लेशम माझं तोंड बघत होता.
मग उठला, माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला
आणि उलटा करून परत घातला,
डावा उजवीकडं.
काही बोलला नाही.

सिव्हिलच्या डॉक्टरनं कागदावर काढलेली रेघ
मी कुणाला दाखवली नव्हती.
चार हजारापाशी ती
विहिरीत बादली सोडावी तशी खाली जाते,
डाव्या कानाची. माग त्याच बाजूला होता.

आता चांगल्या कानात पंगत आली.
पत्रावळींचा आवाज, कुणाच्या तरी बांगड्या,
आणि तो बाप्या, संपूर्ण वाक्यासकट.
तो स्वतःसाठी मागतच नव्हता.
वाजवणारे सकाळपासून उपाशी आहेत,
असं सांगत होता वाढप्यांना,
त्यांना आधी भात न्या.

मल्लेशम, बेंगळुरूचा लाव, मी म्हणालो.
तीन मिनिटं.
त्यातही तो माणूस अख्खं वाक्य बोलला.
रशियन लाव.
त्यातही.
आता कशातही ऐकू येणार,
पत्र्याच्या कर्ण्यात लावलं तरी.
मग आधी काय बदललं, काच की कान,
की नुसतं कळणं,
ह्याचा हिशोब बसेना.

मग तुलना राहिलीच.
हॉलंडचा रुमालात घातला,
कोमट होता अजून.
चाळीस रुपयांचा डब्यावर राहिला.
शेजारी पहिला माग खडखडला तरी
आम्ही दोघं एकाच गोष्टीवर अडलेलो:
नेला का बे त्यांना भात?
कॅसेट तिथंच संपते.